मारलवाईचे मास्तर आणि माहूरचा वर्ग

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माहूरच्या डोंगरावर एका दिवसात किती भाषा ऐकू येतात, हे पाहायला नवरात्राची वाट बघावी लागत नाही. रेणुकामातेच्या पायऱ्या चढणारा आदिलाबाद-निजामाबादकडचा भाविक देवीला तेलुगूत साकडे घालतो. बिदरकडचा कन्नडात बोलतो. पुसद-यवतमाळची मंडळी वऱ्हाडी हेल काढीत वर येतात, आणि सोनापीर दर्ग्याच्या आवारात दखनी उर्दू कानांवर पडते. पण ही सगळी येणारी-जाणारी माणसे. दर्शन घेतात, प्रसादाचा तांबूल घेतात, गाडीला लागतात. माहूर-किनवटच्या मुक्कामी भाषा वेगळ्याच आहेत. डोंगर उतरून किनवटच्या रस्त्याला लागले की कुठे तांडा लागतो, कुठे गुडा, कुठे पोड. तांडा बंजाऱ्यांचा, तिथे गोरमाटी बोलतात. गुडा गोंडांचा, पोड कोलामांचे. मध्येमध्ये आंध आणि इतर शेतकरी समाजांची मराठी बोलणारी गावे. या सगळ्यांची लेकरे जेव्हा जवळच्या एका शाळेत येतात तेव्हा एकाच सतरंजीवर चार भाषा बसलेल्या असतात, आणि समोर उभ्या असलेल्या गुरुजींना त्यांतली बहुधा एकच येते.

त्या गुरुजींकडे पदवी असते, पदविका असते. फळ्यावर अक्षर कसे काढावे, पाठाचे टाचण कसे लिहावे, प्रश्न कसा विचारावा याचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले असते. फक्त समोरचे लेकरू घरी काय बोलते, आणि त्या बोलण्यामुळे त्याला मराठीचे पुस्तक कुठे अडते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपल्याकडे हे कधी घडलेच नाही असे मात्र नाही. हे घडले, याच परिसरात घडले, आणि ते घडवणाऱ्यांत आपल्या निलंग्याचा एक माणूस होता. त्याची हकीकत सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारी प्रजा होती आणि कारभाराची भाषा उर्दू होती. खालच्या वर्गांत प्रजेच्या भाषांना थोडीफार जागा मिळे, पण मुलगा जसजसा वर चढे तसतशी उर्दू त्याला गाठी. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे काम सुरू झाले. एका भारतीय भाषेतून थेट पदवीपर्यंतचे शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, आणि त्याचे मोठेपण आपण मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. वैद्यक आणि स्थापत्यसुद्धा उर्दूतून शिकवण्याची हिंमत त्या विद्यापीठाने केली. अडचण एवढीच की, ती एक भाषा संस्थानातल्या बहुसंख्यांच्या घरची नव्हती. ज्याला प्रशिक्षित शिक्षक व्हायचे त्याला हैदराबादची वाट धरावी लागे, आणि तिथे शिकवण्याची कलासुद्धा उर्दूतूनच शिकावी लागे. मग तो परभणीला येऊन मराठी मुलांपुढे उभा राही.

या अडचणीवर समाजाने आपापल्या परीने उत्तर काढले होते. हैदराबादेत १९०७ साली विवेकवर्धिनी निघाली. १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण मुख्याध्यापक म्हणून आले. तेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ. मग अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाने त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आपलेसे केले. या शाळांतले शिक्षक कोणत्या ट्रेनिंग कॉलेजातून आलेले नव्हते. ध्येयवाद हेच त्यांचे प्रशिक्षण होते असे आपण कौतुकाने म्हणतो, आणि ते खरेही आहे. पण एक गोष्ट आपण विसरतो. त्या शाळांत शिक्षक आणि विद्यार्थी यांची भाषा एक होती. म्हणून ध्येयवाद पुरला. माहूरच्या पलीकडच्या रानात तो पुरला नसता.

आणि ते रान तेव्हा नांदेड जिल्ह्यात नव्हतेच. आज अनेकांना आश्चर्य वाटेल, पण १९५६ पर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांत १९४० साली कोमराम भीम या गोंड पुढाऱ्याने बंड केले. कारण जुनेच होते. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन एके दिवशी सरकारी जंगल ठरली, आणि उरलेली सावकाराच्या आणि बाहेरून आलेल्या कसणाऱ्यांच्या नावावर चढली. ज्या कागदांनी ती चढली ते गोंडांना वाचता येत नव्हते. जोडेघाटला पोलिसांचा गोळीबार झाला, भीम आणि त्याचे साथीदार मारले गेले. त्यानंतर हे असे का झाले, याचा शोध घ्यावा असे सरकारला वाटले.

त्यासाठी जो माणूस मिळाला त्याची गोष्ट मजेदार आहे. क्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे मूळचे ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ. ऑस्ट्रिया जर्मनीने गिळल्यामुळे त्यांच्या हाती पारपत्र जर्मन होते. १९३९ ला महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते नेमके भारतात होते. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्यांना तुरुंगात टाकण्याऐवजी हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत राहण्याची मुभा मिळाली. हद्द ओलांडायची नाही एवढीच अट. विद्वानाला कोंडले तर ते असे कोंडावे! हायमेनडॉर्फ आणि त्यांची पत्नी बेटी एलिझाबेथ यांनी उटनूरच्या बाजूला मारलवाई नावाच्या गोंड वस्तीत आपले बिऱ्हाड थाटले. गोंडी भाषा, देवदेवता, कुळे, लग्ने, जमिनीचे तंटे असे सारे त्यांनी तिथे राहून टिपले. गोंडांचे हाल कशामुळे आहेत हे सांगताना त्यांनी जमिनीच्या खालोखाल बोट ठेवले ते निरक्षरतेवर. ज्याला पटवाऱ्याने काय लिहिले हे कळत नाही, त्याला जमीन दिली तरी ती टिकत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

१९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. त्याची रचना आजच्या कोणत्याही अध्यापक महाविद्यालयाने समजून घ्यावी अशी आहे. पहिला प्रश्न शिक्षक कुठून आणायचे हा होता. उर्दूत प्रशिक्षित झालेला मास्तर हैदराबादेहून पाठवता आला असता, पण तो गुड्यात किती दिवस राहिला असता, आणि लेकरांशी बोलला काय असता? मग गोंडांतूनच शिक्षक घ्यायचे ठरले. पण शिकलेले गोंड होते कुठे? चार अक्षरे मराठी वाचता-लिहिता येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे तरुण मिळाले. पात्रतेची सरकारी अट लावली असती तर केंद्र उघडण्याआधीच बंद झाले असते. म्हणून अट बाजूला ठेवली आणि त्या तरुणांनाच शिकवत शिकवत शिक्षक केले.

दुसरा प्रश्न भाषेचा आणि लिपीचा. कारभाराची भाषा उर्दू, पूर्वेकडच्या बाजाराची तेलुगू, पश्चिमेकडची मराठी. केंद्राने निर्णय घेतला तो असा : मूल आधी गोंडीतच वाचायला शिकेल, आणि गोंडी देवनागरीत लिहिली जाईल. देवनागरी का, तर त्या भागातल्या गोंडांना मराठीची ओळख होती आणि पुढे मराठीत जाताना नव्याने लिपी शिकावी लागणार नव्हती. गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. पाया पक्का झाल्यावर मराठी आणि मग उर्दू, असा क्रम होता. म्हणजे राजभाषा नाकारली नव्हती. तिच्यापर्यंत जायचा रस्ता मात्र घराच्या अंगणातून काढला होता. या केंद्रातून नुसते शिक्षक तयार झाले नाहीत. पटवारी आणि जंगल खात्याचे छोटे कर्मचारीही तयार झाले. ज्या कागदांनी जमीन गेली, ते कागद लिहिणारे हात गोंडांचे झाले. माझ्या मते या प्रयोगाचा खरा कणा हाच आहे.

आता निलंग्याचा माणूस. सेतुमाधवराव पगडी म्हटले की आपल्याला शिवचरित्र आठवते, मोगल दरबारची बातमीपत्रे आठवतात, फारसी साधने मराठीत आणणारा साक्षेपी इतिहासकार आठवतो. त्यांचा जन्म १९१० साली निलंग्याला झाला. पुढे ते हैदराबादच्या सनदी सेवेत गेले, आणि १९४० च्या दशकात आदिवासींच्या कामासाठी नेमलेले खास अधिकारी म्हणून आदिलाबादच्या जंगलात राहिले. हायमेनडॉर्फ यांच्या शिफारशी कागदावरून जमिनीवर आल्या त्या पगडींसारख्या अधिकाऱ्यांमुळे. हजारो आदिवासी कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. पण अधिकारी पट्टे देतो आणि निघून जातो. पगडी तिथे भाषा शिकले. नुसती कामापुरती नाही, तर गोंडीचे व्याकरण लिहिण्याइतकी शिकले. ते व्याकरण १९५४ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. कोलामीचाही त्यांनी अभ्यास केला. उर्दू, फारसी, तेलुगू, कन्नड येणारा हा मराठी माणूस, त्याने इतक्या उशिरा आणखी दोन भाषा कशाला शिकाव्यात? कारण त्याच्या पुढ्यात बसणारा फिर्यादी त्या भाषा बोलत होता. शिक्षकाच्या प्रशिक्षणाबद्दल मला जे म्हणायचे आहे ते खरे तर या एका वाक्यात येते.

व्याकरण म्हटले की वर्गात जांभया येतात. पण माहूरच्या वर्गात त्याचा उपयोग काय, हे एका उदाहरणाने सांगतो. मराठीत तीन लिंगे आहेत. तो दगड, ती भिंत, ते झाड. गोंडीत आणि कोलामीत वाटणी वेगळीच आहे. पुरुष एका बाजूला आणि बाकी सगळे, म्हणजे बाया, गुरे, झाडे, दगड, दुसऱ्या बाजूला. आता या घरातून आलेले पोर मराठी बोलताना लिंगाची गफलत करणारच. ती गफलत मंदपणामुळे होत नाही. त्याच्या डोक्यात एक पक्का नियम आहे आणि तो आपल्या नियमाहून निराळा आहे. तसेच उच्चारांचे. गोंडी आणि कोलामी या तेलुगू-कन्नडाप्रमाणे द्राविडी कुळातल्या भाषा. मूळच्या द्राविडी शब्दांत ख, घ, भ असे महाप्राण नाहीत. म्हणून ‘भात’ म्हणायला सांगितले की लेकरू ‘बात’ म्हणते. ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे तो हसून दोनदा म्हणवून घेईल. ज्याला ठाऊक नाही तो ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावेल, आणि ते लेकरू पुढचे सहा महिने तोंड उघडणार नाही.

गोरमाटीचे पुन्हा वेगळे. ती राजस्थानीच्या नात्यातली. तांड्यावरचे मूल पाण्याला पाणीच म्हणते, पण आईला ‘याडी’ म्हणते. गोंडीत पाणी म्हणजे ‘येर’. तेव्हा आदिवासी-भटक्यांची मुले म्हणून सगळ्यांना एकच औषध देणारा शिक्षकसुद्धा फसतो. आणि हिशेबाचे म्हणाल तर गोंडाचे पोर शाळेत येण्याआधीच काही आकड्यांना ओळखत असते. गोंडांची कुळे चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची अशी मोजलेली असतात. आपण किती देवांचे हे घरात लहानथोरांना ठाऊक असते, कारण सोयरीक त्यावर ठरते. प्रधान मंडळी किंगरी वाजवून याच कुळांच्या कथा रात्र-रात्र गातात. गणिताच्या पहिल्या पाठाला याहून चांगले साधन कुठल्या पुठ्ठ्याच्या तक्त्यात मिळणार?

शिक्षक मुलांच्याच समाजातून यावा, ही कल्पना मारलवाईला पहिल्यांदा सुचली असेही नाही. त्याआधी साठ वर्षे, इंग्रजी मुलखात, १८८२ साली महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळांतले शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि लोकांच्या गरजा त्यांना कळतील, असे जोतीरावांचे म्हणणे होते. नुसते त्या वर्गातून घ्या असे ते म्हणाले नाहीत, प्रशिक्षण द्या असेही म्हणाले. ही जोडी महत्त्वाची आहे, कारण पुढे आपण दर वेळी तिच्यातले एकच पान उचलले. आणि मारलवाईच्या जवळपास त्याच काळात, १९४५ साली, दूर समुद्राकाठी बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवायची, असे त्यांनी केले. निजामाच्या जंगलातले आणि ठाणे जिल्ह्याच्या डोंगरातले हे दोन प्रयोग एकमेकांपासून शेकडो मैल दूर चालले, पण दोन्हींची सुरुवात लेकराच्या दारातून होती.

मग मारलवाईचे पुढे झाले काय? १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले. राजभाषा बदलली. उर्दूत प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकांना नव्याने पाया शोधावा लागला. ही एक मोठी आणि कमी बोलली गेलेली उलथापालथ आहे. हायमेनडॉर्फ लंडनला प्राध्यापक होऊन गेले. केंद्र मात्र चालू राहिले. खरा घाव १ नोव्हेंबर १९५६ चा. राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि त्याच्यासोबत आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट आणि राजुरा हे तालुके, शिवाय बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ इकडे आले. मराठी भाषकांच्या दृष्टीने ही न्याय्य गोष्ट होती आणि तिचा आनंद झाला यात गैर काही नाही. पण रेघ मराठी आणि तेलुगू यांच्यामध्ये ओढली गेली. गोंडी आणि कोलामी त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना सांडल्या.

परिणाम चमत्कारिक झाला. मारलवाईचे केंद्र, तिथले अनुभवी शिक्षक आणि गोंडीची पुस्तके आंध्र प्रदेशात राहिली. तिथे शाळेची भाषा तेलुगू झाली, लिपी वेगळी झाली, आणि देवनागरीतली गोंडी पुस्तके निरुपयोगी ठरून मागे पडली. इकडे किनवट-माहूरला लिपी देवनागरीच होती. ती पुस्तके इथे हवी तशी उपयोगी पडली असती. पण इथे ना केंद्र होते, ना पुस्तके, ना ती करणाऱ्यांची आठवण. पगडी स्वतः पुढे महाराष्ट्राच्या सेवेत आले, मुंबईत गॅझेटिअरचे काम त्यांनी पाहिले. त्यांचे शिवचरित्र आपण वाचले, गोंडीचे व्याकरण कपाटात राहिले. आणखी एक विसंगती अशी की, राज्य पुनर्रचनेसाठी १९५६ मध्ये जी सातवी घटनादुरुस्ती झाली, तिनेच राज्यघटनेत ३५० अ हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्य समाजांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे ते कलम सांगते. ज्या दुरुस्तीने किनवटच्या गोंडांना त्यांच्या पुस्तकांपासून तोडले, तिच्याच पोटात त्यांच्यासाठी हे आश्वासन होते.

हायमेनडॉर्फ १९७० च्या दशकात पुन्हा आदिलाबादला आले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात, वाटलेल्या जमिनी पुन्हा हातच्या गेल्याचे आणि गोंडी शाळांतून गेल्याचे दुःख उमटले आहे. सीमेने आणखी एक गुंता केला होता. १९७६ च्या कायद्याने तिकडच्या लंबाडा समाजाला अनुसूचित जमातीत जागा मिळाली. इकडे तोच बंजारा समाज विमुक्त जातींत आहे. एकाच तांड्यातले भाऊ, पण शाळेच्या दाखल्यावर वेगवेगळे. आश्रमशाळासुद्धा मग दोन खात्यांच्या झाल्या. हा विषय मोठा आहे आणि आजचा नाही.

आपल्या बाजूला प्रशिक्षणाची साधने वाढली, हे नाकारता येणार नाही. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्याच वर्षी औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मिलिंद महाविद्यालय निघाले. १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ झाले, १९९४ ला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे. पदवीधर झाले, पदवीधरांसाठी बी. एड. ची महाविद्यालये झाली. नरहर कुरुंदकरांसारखा माणूस पदवीच्या परीक्षांशी झुंजत प्रतिभा निकेतन शाळेत मास्तरकी करीत होता आणि पिढ्या घडवीत होता, ही नांदेडची आवडती आठवण आहे. तिच्यावरून प्रशिक्षणाची गरजच नाही असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटतात. कुरुंदकर दर तालुक्याला एक मिळत नाहीत, एवढेच त्यांना सांगावेसे वाटते. बाकीच्यांना शिकवावेच लागते.

पण शिकवले काय गेले? बी. एड. मध्ये सूक्ष्म अध्यापन नावाचा एक प्रकार असतो. भावी शिक्षक पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ घेतो. प्रश्न विचारण्याचे कौशल्य, फळ्याचा वापर, शाबासकी देण्याचे कौशल्य असे एकेक कौशल्य घोटून घेतले जाते. पद्धत वाईट नाही. मात्र त्या पाठात विद्यार्थी म्हणून समोर बसलेले असतात ते त्याचेच वर्गमित्र. तेही पदवीधर, तेही मराठी उत्तम जाणणारे. ते सगळे प्रश्नांची उत्तरे देतात, सगळ्यांना कळते. मग हा शिक्षक माहूर तालुक्यातल्या शाळेत पोहोचतो, तोच घोटलेला प्रश्न विचारतो, आणि वर्ग गप्प बसतो. तो एकदम गोंधळतो, कारण गप्प बसणाऱ्या वर्गाचा सराव त्याला कोणी दिलेला नसतो. नांदेड शहरातही चित्र फार वेगळे नाही. गुरुद्वाऱ्याच्या परिसरातले पंजाबी घर, जुन्या शहरातले उर्दू घर, धर्माबादकडचे तेलुगू घर आणि किनवटहून वसतिगृहात आलेला मुलगा एका बाकावर बसू शकतात. फक्त शहरात मराठी आणि हिंदी कानांवर पडत असल्याने गप्प बसलेला मुलगा लवकर दिसत नाही. आणि लातूरकडे पाहिले तर चांगल्या शिक्षकाची कसोटी गुणवत्ता यादी हीच होऊन बसली. त्या यशाला मी नावे ठेवत नाही, पण ते शिक्षकाला सरावाची प्रश्नपत्रिका सोडवून घ्यायला शिकवते, लेकराचे ऐकायला नाही.

सरकारने या भागासाठी काहीच केले नाही असेही नाही. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला तेव्हा राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत नांदेड आणि लातूर होते. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना २००२ पासून एकस्तर वरची वेतनश्रेणी मिळू लागली. पैसा मिळाला तो दुर्गमतेचा. पोडावरची भाषा शिकलेला आणि न शिकलेला, दोघांना सारखाच मिळाला. सन २००० नंतर वस्तीशाळा निघाल्या. वाड्या-तांड्यांवरचा, तिथलाच दहावी-बारावी झालेला तरुण अल्प मानधनावर निमशिक्षक झाला. मला तरी इथे मारलवाईची सावली दिसते. शिक्षक वस्तीतलाच होता, मुलांची भाषा त्याला येत होती. पण जोतीरावांच्या जोडीतले दुसरे पान, म्हणजे त्याच्या भाषेचा वर्गात उपयोग कसा करावा याचे प्रशिक्षण, या वेळी राहून गेले. त्याला पुढे डी. एड. करून नियमित व्हावे लागले, आणि डी. एड. मध्ये त्याची भाषा कुठेच नव्हती. जे त्याला येत होते ते परीक्षेत नव्हते.

२०१३ पासून राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली. तिच्या भाषांत गोंडी नाही, कोलामी नाही, गोरमाटी नाही. शिक्षणहक्क कायदा २००९ चा. शक्यतो मातृभाषेतून शिकवावे असे तोही सांगतो. त्याच कायद्याच्या बोटाला धरून गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी शाळा उघडली, तेव्हा मान्यता नाही म्हणून तिला नोटीस गेली. कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो तो असा.

यावर लोक मला विचारतात की, मग काय माहूरला चार माध्यमांच्या चार शाळा काढायच्या? मुळीच नाही. पोडावरच्या आई-बापांना पोराला मराठी यावी, इंग्रजी यावी असेच वाटते, आणि ते बरोबर आहे. मारलवाईलाही मराठी आणि उर्दू शिकवत होतेच. मुद्दा माध्यमाचा कमी आणि मास्तरच्या कानाचा जास्त आहे. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष दुर्बल आदिवासी समाजांपैकी एक आहे. त्यांच्या वस्तीवर जाणाऱ्या शिक्षकाला कोलामीतली दोनशे वाक्ये, तिचे लिंगाचे नियम, आणि तिच्यातून मराठीत येताना मूल कुठे ठेचकाळते याचा नकाशा, एवढे तरी मिळायला काय हरकत आहे? हे शिकवायला पाच वर्षे लागत नाहीत. एक उन्हाळा पुरतो, जर शिकवणारा कोलाम असेल.

आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने ठरवले आहे की, २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांची एकात्मिक बी. एड. पदवी असावी. त्याच धोरणात मातृभाषेचाही आग्रह आहे. दोन्ही कलमे वाचायला छान वाटतात. पण एकत्र वाचली की किनवटच्या पलीकडच्या पोडावरची बारावी झालेली मुलगी डोळ्यांसमोर येते. तिला कोलामी येते, मराठी येते, लेकरे तिच्या अंगाखांद्यावर वाढतात. माहूरहून नांदेड सुमारे सव्वाशे किलोमीटर. चार वर्षे तिथे राहण्याचा खर्च तिच्या घराला झेपणार आहे का? आणि झेपला तरी त्या चार वर्षांत तिच्या कोलामीला कोणी एक गुण देणार आहे का? नांदेडच्या विद्यापीठाचे आदिवासी विकास व संशोधन केंद्र किनवटला आहे, उत्तमराव राठोडांच्या नावाचे. पगडींचे व्याकरण आहे. सीमेपलीकडे मारलवाई आहे, हायमेनडॉर्फ पती-पत्नींची समाधीही तिथेच आहे. बी. एड. च्या विद्यार्थ्यांचा सराव पाठांचा एक महिना किनवटच्या गुड्या-पोडांवर ठेवायचा, आणि तिथे त्यांना शिकवायला या मुलीसारख्या दहा जणींना मानधन द्यायचे, एवढ्यापासूनही सुरुवात करता येईल.